बाराशेचा कोट

“डोक्यामागं किती?”

“डोक्याचे काही नाहीत. डोकं तुम्ही आणणार. पैसे खांद्यांचे.”

“म्हणजे?”

“म्हणजे कोटाचे हो, सेक्रेटरीसाहेब. गेलेल्या माणसाचा जुना फोटो तुम्ही द्यायचा. त्यातलं डोकं मी साफ करून घेणार आणि आमच्या कोटावर बसवणार. बाराशे.”

“बाराशे!” म्हाताऱ्यांच्या क्लबाचा सेक्रेटरी खुर्चीतल्या खुर्चीत मागे सरकला. “बाई, जिवंतपणी आमच्यातल्या एकानंही एवढं महाग कापड अंगाला लावलं नसेल.”

“मग आता लावू द्या की.”

“तीसच्या वर मेंबर गेलेत आमचे. काही ठोक भाव असेल की नाही?”

“एकदम गेले का तीस जण? एकेक करून गेले ना? मग भावही एकेकाचाच.”

मागे कॉम्प्युटरवर बसलेला बाईचा मुलगा उगाच खाकरला. गिऱ्हाईक पळवू नकोस, असा त्या खाकरण्याचा अर्थ होता आणि तो बाईला कळला होता.

सेक्रेटरी काही पळणारा नव्हता. त्यानं खुर्ची पुढे ओढली आणि हात पसरून भिंत दाखवावी तसं दाखवत सांगायला लागला. क्लबाचा नवा हॉल झालाय. एक लांबच लांब भिंत मोकळी आहे. तिच्यावर सगळे गेलेले मेंबर लावायचे. एका ओळीत, एका मापात, एका कोटात. “जिवंत असताना खिडकीजवळच्या खुर्चीवरून भांडायचे हो. आता भिंतीवर तरी वाद नको. सगळ्यांना सारखा कोट.”

“सगळे एकाच भिंतीवर?” बाईनं विचारलं.

“एकाच. शेजारी शेजारी.”

बाईनं मनातल्या मनात ती भिंत मोजली. मग म्हणाली, “पंधराशे पडतील.”

“अहो, आत्ता बाराशे म्हणालात!”

“तेव्हा तुमची भिंत माहीत नव्हती.”

सेक्रेटरीनं मुलाकडे पाहिलं. मुलानं छताकडे पाहिलं. कमिटीला विचारून चहाच्या वेळेला येतो म्हणून सेक्रेटरी गेला. त्याची पाठ वळली तसा मुलगा उसळला.

“आई, माल जास्त जातोय म्हटल्यावर लोक भाव उतरवतात. तू चढवतेस?”

“नाही घेतला तर सुटलो.”

“आणि भाडं? मालक काय तुझं तोंड बघून थांबणाराय? लहान फोटो आता लोक मोबाइलवर काढतात. बाळांचे घरीच काढतात. तुझ्या कोटावर तर चाललंय हे दुकान. ही भिंत मिळाली तर वर्षाची काळजी मिटेल.”

त्याचं खोटं नव्हतं. बाईनं फडकं घेतलं आणि काउंटरची काच पुसायला लागली. काच आधीच स्वच्छ होती.

दुकान म्हणजे एकामागे एक दोन खोल्या. पुढे काउंटर, काचेचं कपाट आणि भावाचा पत्र्याचा फळा. कपाटातले नमुन्याचे फोटो उन्हानं निळे पडलेले. त्यातल्या पाळण्यातल्या पोराला आता मिशा आल्यात, पण तो तिथं अजून दुपटं चोखतोय. मागच्या खोलीत राखाडी पडदा, फिरवून वरखाली करायचं लाकडी स्टूल आणि दोन मोठे दिवे. एक दिवा माशीसारखा गुणगुणतो. भिंतीला आरसा, आणि आरशाला दोरीनं बांधलेला कंगवा. कंगवा का बांधला, असं विचारणाऱ्याला बाई सांगते, आधी तीन गेले, हा चौथा आहे, याला लगाम घातलाय.

समोर कुणी बसलं की तिच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो “हलू नका.” त्यावरून आसपासची पोरं तिला हलूनकाबाई म्हणतात. तिला ते ठाऊक आहे. पोरांचे फोटो काढताना ती मुद्दाम दोनदा म्हणते.

दुकान नवऱ्यानं काढलेलं. तो कॅमेऱ्यामागं, ही ब्रश घेऊन खिडकीत. डोळ्याखालचं काळं उजळ करायचं, देवीचे व्रण बुजवायचे, टक्कल दिसलं तर त्यावर दोनचार केस पेरायचे, हे तिचं काम. भाव ठरवणं त्याच्याकडे. त्याची रीत आडदांड होती. फळ्यावर त्यानं स्वतःच्या हातानं रंगवलं होतं: एकटा माणूस, जोडी, कुटुंब, मूल. त्याखाली, हलणारं मूल दीडपट. गेलेल्यांच्या फोटोची ओळच त्यानं लिहिली नव्हती. का, म्हणून तिनं विचारलं तर म्हणाला, “त्याच्याकडून काय जादा घ्यायचं? तो तर अजिबात हलत नाही.”

कोटाचं सुरू झालं ते असं. एक बाई कारखान्याच्या ओळखपत्रावरचा नवऱ्याचा फोटो घेऊन आली. नखाएवढा. खाली फाटका बनियन आणि त्यावर शिक्का. “याचा मोठा करून द्या,” म्हणाली, “पण बनियन नको. पोरांनी बाप बघायचा तर जरा बरा बघू दे.” दुसरं अंग आणायचं कुठून? नवऱ्यानं कार्यक्रमांना घालायचा स्वतःचा काळा कोट चढवला, स्टुलावर बसला आणि बायकोला म्हणाला, दाब बटण. डोकं कापायचंच होतं, म्हणून त्यानं चेहऱ्याची काही पर्वा केली नाही. कधी जीभ बाहेर, कधी गाल फुगवून, कधी डोळे तिरळे. बाईला हसू आवरेना, तीन फोटो हलले. चौथा नीट आला. तिनं तो मोठा केला, ब्लेड घेतलं, गळपट्टीच्या वरून नवऱ्याचं डोकं कापलं आणि केराच्या टोपलीत टाकलं. मग ओळखपत्रावरचं डोकं त्याच मापाचं मोठं करून तिथं चिकटवलं आणि सांध्यावरून ब्रश फिरवला. या सांधण्याला ते दोघं मान बसवणं म्हणायचे. मान बसली की माणूस बसला.

मग तेच सुरू झालं. गवंडी गेला, कोटात बसला. दूधवाला, पोस्टातला शिपाई, चष्मेवाला, सगळे कोटात. चारशे जादा, ही ओळ मग बाईनंच फळ्यावर लिहिली. कॉम्प्युटर आला तेव्हा मुलानं तो बिनडोक्याचा कोट त्यात भरून ठेवला. ब्लेड गेलं, मान बसवणं मात्र बाईकडेच राहिलं.

नवरा गेला तो दुकानातच. छातीत कसंतरी होतंय म्हणाला, शटर अर्धं ओढलं आणि शटरखालीच बसला. बाहेरून लोकांना फक्त त्याचे पाय दिसत होते. कुणाला वाटलं काही पडलंय ते शोधतोय.

तिनं त्याचा फोटो करायला घेतला. चेहरा चांगला होता तिच्याकडे, एका सहलीतला. कोट तर त्याचाच. डोकं त्याचं, खांदे त्याचे. आणि मान बसेना. तिनं सांधा चार तऱ्हांनी पुसून पाहिला. जमलं तेव्हा फोटोत तो दिसलाच नाही. गावातल्या बाकी मेलेल्यांसारखा दिसला. कुणीतरी परका माणूस कोट भाड्यानं घेऊन बसलाय आणि कोट परत द्यायचाय म्हणून अवघडलाय, असा. तिनं फ्रेम केली आणि माळ्यावर भिंतीकडे तोंड करून ठेवून दिली.

त्यानंतर तो तिला बाहेर दिसायला लागला.

पहिल्यांदा दातांच्या डॉक्टराकडे. बाकावर नंबर लावून बसली होती. समोर डॉक्टरच्या वडलांचा फोटो. चेहऱ्याकडे तिचं लक्षच गेलं नाही. डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली. नवरा त्या खांद्यावर आयुष्यभर बॅटऱ्यांची पिशवी वाहायचा. पिशवीनं खांदा उतरला, असं ती त्याला म्हणायची. तो खांदा तिथं भिंतीवर होता आणि वर दुसऱ्याचं तोंड. दाढ तशीच घेऊन ती घरी आली.

मग व्याह्यांच्या घरी जेवायला गेली तर समोरच. गिरणीच्या ऑफिसात गेली तर मुनीमाच्या डोक्यावर. एका घरी सांत्वनाला गेली. घरची बाई फोटोखाली बसून रडत होती आणि ही फोटोकडे बघत होती. हिला वाटलं, आता तो खांदा जरा हलेल, पिशवी सावरल्यासारखा. तिनं त्या बाईच्या पाठीवर हात ठेवला, पण मनात म्हणाली, रड बाई, तुझा तरी तुझ्या घरात आहे. माझा सगळ्यांच्या घरात आहे आणि माझ्याकडे डोकं तेवढं उरलंय.

म्हणून तिनं भाव वाढवला. कोट नको असं तिला सांगता येईना, दुकान त्यावर होतं. महाग केला की लोक आपणच मागायचे थांबतील, असा तिचा हिशेब. चारशेवर कागदाची पट्टी चिकटवली आणि आठशे लिहिले. झालं उलटंच. लोक आठशेचा मागायला लागले. आठशेचा आहे म्हणजे काहीतरी असणार. तिनं पट्टीवर पट्टी लावून बाराशे केले. तेव्हा तर एक म्हातारा काठी टेकत जिवंतच आला. “बाई, मी गेल्यावर आमची पोरं हात आखडता घेतील. मला बाराशेवालाच घाला. आत्ताच सांगून ठेवतो.” ती दर वेळी भाव वाढवून त्याला घरात ओढायला जायची आणि तो आणखी एका भिंतीवर जाऊन बसायचा.

आणि आता ही क्लबाची भिंत. तीस जण एका ओळीत. तीस डावे खांदे बोटभर खाली. कमिटी हो म्हणाली तर दुकान वाचणार होतं आणि तिला त्या रस्त्यानं जायची सोय राहणार नव्हती.

दुपारी दुकानात एक किडकिडीत बाई आली. टेलरमास्तरांची बायको. कोपऱ्यावरच्या दुकानात नवरा मशीनवर आणि ही शेजारी बसून काजं करायची, बटणं लावायची. मास्तर जाऊन महिना झाला होता. तिनं पिशवीतून बसचा पास काढला.

“एवढाच आहे हो. लोकांचे कपडे शिवताना स्वतः कधी फोटोला उभा राहिला नाही.”

बाईनं पास उजेडात धरला. कॉलरपर्यंतच फोटो होता. तोंड मात्र स्पष्ट.

“होईल. कोटाचे बाराशे.”

“कोट नको.”

गेल्या कित्येक वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं. बाईला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

“काय म्हणालात, वहिनी?”

“कोट नको म्हटलं. काहीही घाला, तो कोट घालू नका. मास्तर उठून पळून जाईल.” आणि ती तोंडावर पदर धरून हसली. हसता हसता तिची नजर मागच्या खोलीत खुंटीला टांगलेल्या काळ्या कोटाकडे गेली. “हाच ना तो? बाई बाई, अजून आहे? आमच्याच घरात शिवलाय तो. खाली टीप घातली ती माझी.”

“माहीत आहे. मास्तरांकडेच दिला होता यांनी.”

“मग खांद्याचंही माहीत असेल.”

“कसलं खांद्याचं?”

मास्तरीणबाई उठली. खुंटीवरचा कोट तिनं काढला आणि काउंटरवर पालथा पसरला. दुकानातल्या कुणाला विचारायची तिला गरज वाटली नाही. तिनं दोन्ही खांद्यांच्या शिवणींवर दोन बोटं ठेवली. एक बोट वर, एक खाली.

“खडूच्या दोन रेघा होत्या. एक कापायची, एक शिवायची. डाव्या बाजूला मास्तरनं आतल्या रेघेवरच कात्री चालवली. कापड बेताचं, दुसरा तुकडा निघेना. मग आत भरण घातलं, इस्त्री मारमार मारली, पण खांदा बसला तो बसलाच. तुमच्या मालकांना त्यानं स्पष्ट सांगितलं, चूक झाली, पैसे देऊ नका. ते हसले. म्हणाले, मी कॅमेऱ्यामागं असतो, मला कोण बघतंय?”

“पण त्यांचा खांदाच उतरला होता. पिशवीनं.”

“कुठला हो! माप मी लिहून घेतलं होतं. फूटपट्टीसारखे सरळ खांदे. टेलरच्या घरात दुसऱ्याचे खांदे पाठ असतात, स्वतःच्या नवऱ्याचे नसतात.”

कॉम्प्युटरवरचा मुलगा हात थांबवून ऐकत होता. बाई कोटाकडे बघत राहिली.

“मग काय झालं ठाऊक आहे?” मास्तरीणबाईचं हसणं आता उतरलं होतं. “तुमच्या यांना कुणी पाहिलं नाही. पण मास्तरची चूक मात्र घरोघर भिंतीवर टांगली गेली. मास्तर माप घ्यायला कुणाच्या घरी गेला की मान खाली. फोटोकडे पाठ करून बसायचा. शेवटी शेवटी म्हणायचा, गावातला एकेक माणूस मरतोय आणि माझा खांदा घालून मला बघायला येतोय. कुणाचं कुणी गेलं की मला आधी विचारायचा, कोट घातला का ग त्याला? लोकांना वाटायचं किती माया आहे मास्तरला.”

बाईनं कोटाच्या डाव्या खांद्यावरून बोट फिरवलं. इतकी वर्षं ती ज्याला नवरा समजून घाबरत होती, ती कात्रीची चूक होती. हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. दातांच्या डॉक्टराची भिंत तिच्या डोळ्यांपुढे आली आणि तिथं आता दोघं होते. एक कोट घातलेला, एक कोट कापणारा, आणि वर तिसऱ्याचंच डोकं.

“बसायचे कसे मास्तर?” तिनं विचारलं. “कोट नाही तर मला खांदे कुठून तरी आणावे लागतील.”

“कसे म्हणजे? मशीनवर बसून बसून वाकलेला. उजवा वर, मान पुढे. थांबा, दाखवते.”

ती मागच्या खोलीत गेली, स्टुलावर बसली, पाय मशीनच्या पायडलवर असल्यासारखे जुळवले आणि हात पुढे घेऊन न दिसणारं कापड सरकवायला लागली.

तेवढ्यात सेक्रेटरी आला. खूश होता. त्यानं लिफाफा काउंटरवरच्या पालथ्या कोटावरच ठेवला.

“कमिटीनं मान्य केलं. पंधराशे तर पंधराशे. अध्यक्ष म्हणाले, महाग आहे म्हणजे टिकेल. हा ॲडव्हान्स.”

मुलगा उभाच राहिला.

“कोट बंद झालाय, सेक्रेटरीसाहेब,” बाई म्हणाली.

“कधी?”

“आत्ता.”

“अहो, फळ्यावर लिहिलंय!”

बाईनं चिकटपट्टीची गुंडाळी घेतली, रुंद पट्टी ओढली आणि फळ्यावरची ती सगळी ओळ झाकून टाकली. “आता नाही.”

“मग आमचे मेंबर?”

“प्रत्येकाच्या घरून एक माणूस पाठवा. मुलगा, भाऊ, पुतण्या, ज्याची अंगकाठी जवळची असेल तो. गेलेल्याचा शर्ट घालून इथं बसेल. त्याच्यावर मान बसवून देईन. सहाशे.”

“सहाशे? यात तर तुमचं काम वाढतंय.”

“वाढतंय. कामाचे सहाशे होतात, मी मोजूनच सांगतेय. त्या बाराशेत काम चारशेचंही नव्हतं.”

“मग बाकीचे कसले घेत होता?”

“ते तुम्हाला सांगून कळायचं नाही.”

सेक्रेटरी डोकं खाजवत उभा राहिला. “बाई, असं जमणार नाही. कुणाचा मुलगा परदेशात, कुणाचा बापाशी बोलत नव्हता. एकाच्या घरी तर महिन्याच्या आत सगळे कपडे वाटून टाकले. अर्धेसुद्धा यायचे नाहीत.”

“येतील तेवढे करीन.”

“आणि सगळे वेगळे दिसतील. कमिटीला सारखे हवेत.”

बाईनं लिफाफा त्याच्याकडे सरकवला. सेक्रेटरीनं लिफाफा उचलला. खिशात घालताना तो म्हणाला, विचारून बघतो. आवाजावरूनच कळत होतं की आता तो दुसरं दुकान विचारून बघणार.

“गेलं,” मुलगा म्हणाला. “वर्षाचं भाडं गेलं.”

“मालकाशी मी बोलेन.”

“काय बोलशील? मेलेल्या टेलरची गोष्ट सांगशील?”

“तुझ्याकडे दुसरी असेल तर ती सांगते. तो उजवीकडचा दिवा लाव आधी.”

मुलानं रागारागानं दिवा लावला. दिवा गुणगुणायला लागला. स्टुलावर मास्तरीणबाई अजून तशीच बसली होती, वाकून, उजवा खांदा वर, मान पुढे, बोटं कापड सरकवत. बाईनं कॅमेऱ्याला डोळा लावला. चौकटीत गळ्यापर्यंतच दिसत होतं आणि तिथं बायको नव्हतीच. कोपऱ्यावरच्या दुकानात, काचेमागे, रोज जाता-येता दिसायचा तो माणूस बसला होता.

“वहिनी, तुमचेच खांदे घेतले तर चालतील? वर बनियन आणि गळ्यात टेप मी रंगवून देते.”

मास्तरीणबाईचे हात थांबले. “माझे? त्याच्या डोक्याखाली?” तिनं मान वळवून स्वतःच्या खांद्याकडे पाहिलं. “घरात लावल्यावर मलाच दिसतील ना हो ते.”

“दिसतील.”

“रोज?”

“रोज.”

बाईनं खोटं सांगितलं नाही, आणि आणखी काही सांगितलंही नाही. बाहेर रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली. मास्तरीणबाईनं पदर सारखा केला, पुन्हा वाकली आणि पाय जुळवले.

“घ्या मग. पण ते सहाशे तुमच्या क्लबवाल्यांना. मी काजं करणारी बाई आहे.”

“तुम्हाला तीनशे. शर्ट आणायचा वाचला. हनुवटी थोडी आत घ्या.”

तिनं बटण दाबलं. मग दिवा थोडा सरकवला आणि पुन्हा दाबलं. पुढच्या खोलीत एका पोरानं काउंटरवर टकटक केली, नोकरीच्या अर्जाला लहान फोटो हवेत म्हणून. मुलानं ओरडून भाव सांगितला. बाईनं काउंटरवरचा कोट उचलून बाजूला केला, त्या पोराला आरसा दाखवला आणि केस विंचरून ये म्हणाली.